बोगनवेलीचा गुलाबी का उडाला आणि टिकणारा रंग कसा ओळखायचा

जुळे सोलापुरातल्या एका चित्रकार ताईंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर पसरलेली बोगनवेल जलरंगात रंगवली. चित्र विकलं गेलं, घेणाऱ्यांनी हौसेनं फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. आता फुलांचा गुलाबी जवळजवळ गेलाय, जांभळ्या सावल्या निळ्या पडल्यात आणि पानंही निळसर दिसतात. भिंतीचा मातकट पिवळा आणि फांद्यांचा तपकिरी मात्र जसाच्या तसा आहे. महागाचे रंग घेतले तर हे थांबेल का, कुठले घ्यावेत, काच आणि वॉर्निश लावून फरक पडतो का, ग्राहकाला काय सांगावं, असं त्यांनी विचारलंय. शिवाय त्यांच्याकडे एका शाळेची बाहेरची भिंत रंगवायचं काम आलंय, त्यासाठीही सल्ला हवा आहे.

ताई, तुम्ही काय गेलं आणि काय राहिलं हे नीट पाहून लिहिलंत, त्यामुळे निदान सोपं झालंय. तुमचं सगळं चित्र उडालेलं नाही. त्यातले दोनच रंग उडालेत, एक गुलाबी आणि एक पिवळा. जांभळा तुम्ही त्याच गुलाबीत निळा मिसळून केला असणार. गुलाबी गेला आणि निळा मागे उरला. पानांचा हिरवा ट्यूबमधून तयार घेतला असेल तर त्यात थॅलो नावाचा हिरवा किंवा निळा आणि एक कच्चा, म्हणजे उन्हात उडणारा, पिवळा असणार. पिवळा गेला म्हणून पानं निळी दिसतात. भिंतीत पिवळी माती आणि फांद्यांत बर्न्ट सिएना, दोन्ही लोखंडाचे ऑक्साइड, त्यांना उन्हानं काही होत नाही. म्हणजे अख्खी पेटी फेकायची गरज नाही. तीन-चार ट्यूबा बदलल्या तरी तुमचं पुढचं काम टिकेल.

हे थोरामोठ्यांच्या बाबतीतही झालंय. व्हॅन गॉगनं १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल्स गावातल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं आणि भावाला पत्रात लिहिलं की भिंती फिक्या जांभळ्या आहेत. आज ते चित्र पाहिलं तर भिंती निळ्या दिसतात. त्यातला लाल उडाला, निळा राहिला. तुमच्या बोगनवेलीच्या सावल्यांचं झालं तेच.

रंग उडतो म्हणजे नेमकं काय होतं ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की पुढची निवड पाठ करावी लागत नाही. रंगद्रव्याचा रेणू प्रकाशातला काही भाग शोषून घेतो, म्हणून तर तो रंगीत दिसतो. ती शोषलेली ऊर्जा काही रेणू उष्णता म्हणून निमूट सोडून देतात, तर काहींची जोडणीच त्यानं तुटते. एकदा जोडणी तुटली की तो रेणू रंगीत राहत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा या तुटण्याला मदत करतात. इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी जलरंगांच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या, काही कोरड्या हवेत, काही दमट हवेत, काही हवा काढून घेतलेल्या नळ्यांत. त्यांचा अहवालही १८८८ चाच. हवा आणि ओल नसलेल्या नळ्यांत बहुतेक रंग टिकून राहिले. आपल्याकडे हवा कोरडी, ही त्यातल्या त्यात सोय, पण ऊन आणि तापमान दोन्ही भरपूर. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या अनुभवावर सोलापूरचा अंदाज बांधू नका.

आणखी एक गोष्ट. रंगाचा कण जितका मोठा आणि घट्ट स्फटिकाचा, तितका तो टिकतो, कारण वरचे रेणू जळले तरी आतले झाकलेले राहतात. रंजक, म्हणजे पाण्यात विरघळणारा डाय, रेणू-रेणूनं सुटा असतो, त्याला आडोसाच नाही. म्हणूनच तोच रंग जाड थरात टिकलेला दिसतो आणि पातळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाण्यातल्या थरात, किंवा पांढऱ्यात मिसळल्यावर उडतो. जलरंगात तर सगळं काम पातळ वॉशचंच. तेलरंगात 'चालतो' म्हणून कुणी सांगितलेला रंग जलरंगात चालेलच असं नाही.

माझे वडील इथल्या एका गिरणीत डाइंग खात्यात होते, त्यामुळे पक्का रंग आणि कच्चा रंग हे शब्द मी चित्रकला शिकायच्या आधीपासून ऐकत आलो. चादरीच्या धंद्यातली एक गोष्ट चित्रकारांना फार उपयोगी आहे. धुण्याला पक्का आणि उन्हाला पक्का या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एखादी चादर धुण्यात टिपूसभर रंग सोडत नाही, पण खिडकीत पडदा म्हणून टांगली तर उन्हाळ्यानंतर घडीच्या बाहेरची बाजू फिकी पडते. ॲक्रिलिक वाळल्यावर पाण्यानं निघत नाही म्हणून लोक त्याला 'पर्मनंट' समजतात. पाण्यानं निघत नाही ते त्यातल्या प्लास्टिकमुळे. उन्हात टिकणार की नाही ते आतलं रंगद्रव्य ठरवतं आणि तेच रंगद्रव्य जलरंगातही असतं, तेलातही असतं.

कापडधंद्यानंच या मोजमापाची पट्टी दिली आहे. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या, पहिली सगळ्यात कच्ची, आठवी सगळ्यात पक्की, आणि प्रत्येक पुढची पट्टी मागचीपेक्षा ढोबळमानानं दुप्पट उजेड सोसते. या 'ब्लू वूल' पट्टीवर चादरींचे रंगही तपासतात आणि संग्रहालयातली चित्रंही. गिरणीतल्या 'व्हॅट' जातीच्या, कापडात पक्क्या बसणाऱ्या रंगांपैकी इंडॅन्थ्रीन निळा १९०१ साली जर्मनीत शोधला गेला. तोच आज चित्रकारांच्या ट्यूबमध्ये पीबी ६० या क्रमांकानं मिळतो आणि पातळ वॉशमध्येही उत्तम टिकतो.

आता क्रमांकाकडे येतो, कारण माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे. ट्यूबच्या पुढच्या बाजूला छापलेलं नाव बघून रंग घेऊ नका, मागे बारीक अक्षरात छापलेला पिगमेंट क्रमांक बघा. पी म्हणजे पिगमेंट, त्यापुढे आर लाल, वाय पिवळा, बी निळा, जी हिरवा, व्ही जांभळा, ओ नारिंगी, बीआर तपकिरी, डब्ल्यू पांढरा, बीके काळा, आणि मग आकडा. एनआर किंवा एनवाय असेल तर ते वनस्पती किंवा प्राण्यापासून मिळालेलं आहे. 'क्रिम्सन', 'रोझ', 'सॅप ग्रीन' ही नुसती नावं आहेत, दोन कंपन्यांच्या एकाच नावाच्या ट्यूबमध्ये पूर्ण वेगळी द्रव्यं असू शकतात. क्रमांक मात्र जगभर एकच. ट्यूबवर नसेल तर कंपनीच्या रंगतक्त्यात शोधा. तिथेही नसेल, तर ती ट्यूब सरावाला ठेवा, विकायच्या चित्राला नको. क्रमांकाबरोबर लाइटफास्टनेसची, म्हणजे उजेडात टिकण्याची, खूण असते. एएसटीएम या अमेरिकन मानकात १ म्हणजे उत्तम, २ म्हणजे चांगला, ३ पासून पुढे विकाऊ कामात नको. काही कंपन्या तारे छापतात, काही ए-बी-सी. तारे कंपनी स्वतः देते, म्हणून मी त्यांच्याकडे दुसऱ्या नंबरवर बघतो.

लाल-गुलाबीवर सगळ्यात जास्त लिहितो, कारण दहा तक्रारींतल्या बहुतेक इथेच असतात. तुमच्या बोगनवेलीसारखा झगझगीत, अंगावर येणारा गुलाबी बहुतेक वेळा रोडामिन जातीचा असतो, पीआर ८१, पीव्ही १, पीव्ही २ असे क्रमांक. 'ओपेरा' नावाच्या गुलाबीत चकाकणारा फ्लोरोसंट डाय असतो, कागदावर तो दिव्यासारखा पेटतो आणि तितक्याच लवकर विझतो. अलिझरिन क्रिम्सन, पीआर ८३, हा तर जुन्या पिढीचा लाडका. त्याचं खोल रक्तवर्णी रूप खरंच सुंदर आहे, पण पातळ वॉशमध्ये आणि पांढऱ्यात तो टिकत नाही. कार्माइन, एनआर ४, कोचिनील किड्यापासून बनतो, तोही कच्चा. खऱ्या मंजिष्ठेचा रोझ मॅडर, एनआर ९, कार्माइनपेक्षा बरा, पण माझ्या पेटीत त्याला जागा नाही.

यांच्या जागी क्विनॅक्रिडोन घ्या. हे कुटुंब १९५८ च्या सुमारास बाजारात आलं आणि तोवर चित्रकारांची जी अडचण होती ती बऱ्यापैकी सुटली. पीव्ही १९ चा गुलाबी प्रकार बोगनवेलीला चपखल बसतो. पीआर १२२ जास्त मॅजेंटा आहे, छपाईच्या शाईसारखा. तोही चांगला, पण अगदी पातळ वॉशला मी पीव्ही १९ आधी उचलतो. भडक शेंदरी-लालसाठी पायरोल, पीआर २५४, नाहीतर कॅडमियम लाल, पीआर १०८. 'पर्मनंट अलिझरिन' किंवा 'अलिझरिन ह्यू' असं नाव असेल तर नाक मुरडू नका. मागे क्विनॅक्रिडोनचा क्रमांक असेल तर तो असलीपेक्षा चांगला आहे. ओपेराची ती झगमग पीव्ही १९ मध्ये मिळणार नाही, हे मान्य करायला हवं. त्यासाठी फुलाच्या शेजारी थोडा थंड, राखी हिरवा ठेवा. शेजार दबलेला असला की गुलाबी आपोआप पुढे येतो. ते काम नजरेनं करायचं, डायनं नाही.

पोर्ट्रेटवाल्यांसाठी इथेच एक गोष्ट जोडतो. आपल्या भागात अक्कलकोट स्वामींची, आई-वडिलांची, घरातल्या वडीलधाऱ्यांची चित्रं करून देणारे पुष्कळ आहेत. चेहऱ्याच्या रंगात पांढरा भरपूर असतो आणि लाल चिमूटभर. तो चिमूटभर लाल कच्चा असेल तर गाल-ओठ आधी जातात आणि चेहरा पिवळट-राखी उरतो. इंग्लंडचे अठराव्या शतकातले मोठे पोर्ट्रेट चित्रकार जोशुआ रेनल्ड्स चेहऱ्यांना असेच कच्चे लाल लावत. त्यांच्या हयातीतच ते चेहरे पांढरेफटक पडू लागले आणि गिऱ्हाइकांनी बोलून दाखवलं. चेहऱ्याला लाइट रेड किंवा इंडियन रेड, दोन्ही पीआर १०१, पिवळी माती, पांढरा, आणि ताजेपणाला लागलाच तर थेंबभर पीव्ही १९. इतक्यात सगळं होतं.

अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांचं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण तिथे रंग आणि जागा दोन्ही चुकले. हार्वर्ड विद्यापीठाच्या जेवणाच्या दालनासाठी त्यांनी मोठमोठी चित्रं केली, १९६४ मध्ये ती लागली. त्यांच्या किरमिजी रंगात लिथॉल लाल होता, पीआर ४९, छपाईच्या कामाचा स्वस्त लाल. दालनाला भल्या मोठ्या खिडक्या, पडदे उघडे. १९७९ पर्यंत चित्रं उतरवावी लागली. त्यातले काही फलक तर फिकट निळे पडले. पुढे २०१४ मध्ये ती पुन्हा मांडली तेव्हा प्रोजेक्टरनं प्रकाश टाकून हरवलेला रंग त्यांच्यावर उमटवला. चित्राला हात लावून तो परत आणणं शक्य नव्हतं.

पिवळ्यात पीवाय १५४ आणि पीवाय १५० हे दोन मला भरवशाचे वाटतात. पीवाय १५० जलरंगात पारदर्शक, पानांना फार छान. मातीचा पिवळा पीवाय ४२ किंवा ४३. कॅडमियम पिवळा, पीवाय ३५, घरात उत्तम टिकतो, पण बाहेरच्या भिंतीवर ओल आणि ऊन मिळून तो विटतो. शिवाय कॅडमियम विषारी आहे. त्याचा फवारा मारायचा नाही, वाळलेला थर घासून धूळ करायची नाही, ब्रश तोंडात धरायचा नाही. हंसा पिवळा पीवाय १ पातळ थरात कच्चा. ऑरिओलिन, पीवाय ४०, जुन्या पुस्तकांत मोठ्या कौतुकानं असतो, तो मळकट होतो, सोडून द्या.

जांभळा ट्यूबचा घेऊच नका असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. पीव्ही ३ अगदीच कच्चा, डायोक्साझिन पीव्ही २३ दिसायला देखणा पण फिक्या वॉशमध्ये बेभरवशाचा. पीव्ही १९ आणि अल्ट्रामरिन मिसळा, हवा तसा जांभळा होतो. हिरव्यात पीजी ७ आणि पीजी ३६ पक्के. तयार सॅप ग्रीन, हूकर्स ग्रीन घेताना मागे किती क्रमांक आहेत ते वाचा आणि त्यातला पिवळा कुठला ते बघा. मिश्रणातला सगळ्यात कच्चा रंग त्या ट्यूबचं आयुष्य ठरवतो. निळ्यांची काळजी फारशी नाही. थॅलो पीबी १५, अल्ट्रामरिन पीबी २९, कोबाल्ट पीबी २८ सगळे चांगले. प्रशियन निळा पीबी २७ थोडा विचित्र आहे, पांढऱ्यात मिसळला की उन्हात फिका पडतो आणि अंधारात ठेवला की बराचसा परत येतो. काळा, पांढरा आणि मातीचे तपकिरी यांची चिंता करू नका.

महाग घेतले तर टिकतील का? महागाई आणि टिकाऊपणा यांचा संबंध ताई, अर्धवट आहे. आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबमध्ये रंगद्रव्य जास्त आणि भरताड कमी असते, म्हणून स्टुडंट दर्जापेक्षा तो घ्यावा. पण एकाच कंपनीच्या एकाच दर्जात कोबाल्ट महाग तो धातू महाग म्हणून, आणि खरा कार्माइन महाग असूनही कच्चा. उलट गेरूच्या जातीचे रंग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्के. शाळेच्या पोस्टर कलर्सवर, स्केचपेनवर, जेल पेनवर आणि चकाकणाऱ्या निऑन रंगांवर विकायचं काम करू नका, मग ते कितीही चांगल्या कंपनीचे असोत.

अलीकडे नैसर्गिक रंगांची हौस वाढली आहे, तिच्याबद्दलही विचारणा होते. हळद कागदावर किती सोनेरी दिसते, पण उन्हात काही दिवसांत जाते. पळसाची फुलं, बीट, जास्वंद यांचंही तेच. पंढरपूरचं कुंकू कपाळाला शोभतं, चित्रात ते वापरू नका. नैसर्गिकच हवं असेल तर मातीकडे जा. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, खडी. अजिंठ्याच्या भिंतींवर हेच लाल-पिवळे मातीचे रंग, हिरवी माती आणि काजळी आहे, आणि निळ्यासाठी बाहेरून आणलेला लाजवर्द दगड. इतक्या शतकांत गिलावा पडला, धूर बसला, पण तो लाल अजून लालच आहे.

आता परीक्षा. मी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका, आपलं ऊन फुकट आहे, वापरा. ज्या कागदावर तुम्ही काम करता त्याच कागदाची पट्टी घ्या. चपट्या ब्रशनं प्रत्येक रंगाचा एक पट्टा ओढा, एका टोकाला दाट, पाणी वाढवत दुसऱ्या टोकाला जेमतेम दिसेल इतका पातळ. शेजारी क्रमांक पेन्सिलीनं लिहा, पेननं नको, पेनची शाईच उडून जाते. वाळल्यावर पट्टी लांबीत अशी कापा की प्रत्येक रंगाचा अर्धा भाग दोन्हीकडे येईल. एक अर्धी पट्टी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात, दुसरी खिडकीच्या काचेला आतून मास्किंग टेपनं. प्रत्येक पट्टीवर एक हमखास कच्चा रंग ठेवा, पीआर ८३ चालेल, आणि एक हमखास पक्का, म्हणजे बर्न्ट सिएना. कच्चा बदलायला लागला की समजायचं, पुरेसं ऊन मिळालं, आता बाकीच्यांचा निकाल वाचता येईल.

खिडकी कुठली, हे ऋतूवर आहे. दिवाळी ते होळी सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा दक्षिणेची खिडकी दिवसभर ऊन देते. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सोलापुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला झुकलेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत पट्टी लावून काही होणार नाही, पश्चिमेची खिडकी धरा. महिन्याला एकदा दोन्ही अर्ध्या पट्ट्या सकाळच्या उजेडात एकमेकींना चिकटवून बघा, ट्यूबलाइटखाली नको. फरक आधी पातळ टोकाला दिसतो. गुलाबीच्या बाबतीत एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. तो सरळ पांढरा होत नाही, आधी थोडा गार, निळसर किंवा मळकट होतो, आणि कपाटातली पट्टी शेजारी नसेल तर डोळा ते पकडत नाही. हिवाळ्याच्या तीन महिन्यांत पातळ टोक बदललं, तर तो रंग विकाऊ कामातून बाद.

काच आणि जागा. संग्रहालयात जलरंगाच्या चित्रांवर साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात. रोज ८ तास धरले तर वर्षाला १,४६,००० लक्स-तास होतात. आपल्याकडचं दुपारचं थेट ऊन सुमारे १ लाख लक्स. म्हणजे भर उन्हात दीड तास ठेवलेल्या चित्रानं संग्रहालयातलं एक वर्ष संपवलं. हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीतून येणारं तिरपं ऊन काचेतून गाळून निम्म्यापेक्षा कमी, ४० हजार लक्स धरा. रोज अर्धा तास ते चित्रावर पडलं तरी आठवड्यात एक वर्ष सरतं. तुमच्या ग्राहकांच्या हॉलमध्ये संध्याकाळी चित्रावर ऊन येतं का, एवढं जरूर विचारा.

साधी काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते. यूव्ही काच किंवा यूव्ही ॲक्रिलिक शीट बरंच अडवते आणि परवडत असेल तर लावावी. पण डोळ्याला दिसणारा उजेडही कच्चे रंग उडवतो, तो काचेनं अडवला तर चित्रच दिसणार नाही. म्हणून काच आणि यूव्ही वॉर्निश यांनी आयुष्य वाढतं, कच्चा रंग पक्का होत नाही. ॲक्रिलिक आणि तेलरंगावर काढता येणारं वॉर्निश द्या, जलरंगाला माउंट, म्हणजे भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, लावून काचेखाली ठेवा, काच कागदाला टेकू देऊ नका. चित्र खिडकीच्या समोर न लावता खिडकीच्याच भिंतीवर लावलं तर थेट ऊन पडत नाही. चित्रावर टाकायचा दिवा एलईडी असावा, त्यात अतिनील जवळजवळ नसतं. देवघराजवळच्या चित्राला समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर लागतो, लोक त्यालाही रंग उतरला म्हणतात. तो मळ आहे, तिथे काच हवीच.

ग्राहकाला काय सांगायचं? खरं ते. उडालेला गुलाबी परत आणता येत नाही, आणि जुन्या वॉशवर नवा वॉश चढवून 'दुरुस्ती' केली तर डाग दिसतात. त्यांना पक्क्या रंगात तेच चित्र पुन्हा करून द्या, निदान कागद आणि रंगाच्या खर्चात. जुनं चित्र जमलं तर परत मागून घ्या, तुमच्यासाठी ती दोन वर्षं हॉलमध्ये टांगलेली परीक्षेची पट्टी आहे. फ्रेमवाल्यानं माउंटखाली झाकलेली कड उघडून बघा, तिथे मूळ गुलाबी अजून शाबूत सापडेल. यापुढे प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीनं कागद, वापरलेल्या रंगांचे क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. मी ते बिलावरही लिहितो. घेणारे वाचतात आणि विचारतात, त्यातून पुढचं काम येतं.

शाळेच्या भिंतीला चित्रकलेच्या ट्यूबा वापरू नका. बाहेरच्या भिंतीचं चांगल्या दर्जाचं ॲक्रिलिक इमल्शन घ्या, त्यावर 'एक्स्टिरिअर' लिहिलेलं हवं, आतलं डिस्टेंपर बाहेर चालत नाही. गिलावा नवा असेल तर किमान महिनाभर सुकू द्या आणि बाहेरचा प्रायमर लावा. ताज्या सिमेंटचा आणि चुन्याचा क्षार काही रंग खातो. प्रशियन निळा तर चुन्यावर तपकिरी होतो. रंगसंगती ऑक्साइडच्या लाल, पिवळ्या, तपकिरीवर उभी करा, निळा-हिरवा थॅलोचा किंवा क्रोमियम ऑक्साइडचा. दुकानात मशिनवर शेड करून घेताना बाहेरच्या भिंतीसाठी चालणारी शेड आहे का ते विचारून घ्या. शेडकार्डावर तशी खूण असते. भडक गुलाबी, जांभळा आणि लिंबू पिवळा भिंतीवर कमीत कमी ठेवा, आणि ठेवायचेच असतील तर छोट्या जागी ठेवा, म्हणजे काही वर्षांनी तेवढेच पुन्हा भरता येतील. मुलांचे कपडे, पतंग, फुलं अशा जागी. मोठी पार्श्वभूमी मात्र मातीच्या रंगाची असू द्या.

भिंतीचं तोंड पश्चिमेला असेल तर एप्रिल-मेमध्ये काम घेऊ नका. तापलेल्या भिंतीवर पाणी इतकं झपाट्यानं उडतं की रंगाचा पापुद्रा नीट बांधला जात नाही आणि वर्षभरात हात फिरवला की खडूसारखी पूड निघते. शाळा सुट्टीतच काम मागतील. त्यांना दिवाळीची सुट्टी सुचवा. पाऊस संपलेला असतो, भिंत वाळलेली असते, आणि सकाळी उन्हाच्या आधी व दुपारनंतर सावलीत दोन पाळ्यांत काम होतं. तोवर हातात वेळ आहे, मशिनवर करून घेतलेल्या शेडचे नमुने त्याच भिंतीच्या कोपऱ्यात हातभर लावून ठेवा. प्रत्येकावर अर्धा भाग पत्र्याच्या तुकड्यानं झाका. दिवाळीला पत्रे काढलेत की कुठला डबा घ्यायचा ते भिंतच दाखवेल.